बावतीस टेलरचा एकच सेट

बावतीस टेलरकडे गुरुवारी कापड टाकायचं नाही, हे आमच्या आळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गुरुवारी त्याला कात्री धरता यायची नाही. दोन्ही हात वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांसारखे लोंबत असायचे. चहाची बशी तोंडाशी न्यायची तर तो बशीकडे तोंड नेत असे. एका गुरुवारी भीड म्हणून त्यानं भास्करनानांच्या शर्टाचं माप घेतलं, तर शर्टाची एक बाही मनगटापर्यंत आली आणि दुसरी कोपरापाशीच दमली.

याचं कारण बुधवार. बुधवारी बाजार बंद, म्हणून दुकान बंद, आणि म्हणून बावतीसचा व्यायाम. आठवड्यातून एक दिवस, त्यातली आठ मिनिटं. बास!

आणीबाणी नुकतीच उठली होती तेव्हाची ही गोष्ट. बावतीसचा एक मावसभाऊ बोटीवर होता. त्यानं येताना एक इंग्रजी मासिक आणलं. मुखपृष्ठावर चड्डी घातलेला, तेल लावलेला एक राक्षस. बावतीसनं डिक्शनरी घेऊन महिनाभर ते वाचलं आणि एका सकाळी माझ्या ओट्यावर येऊन जाहीर केलं, "बाबा रे, जग आजवर चुकत होतं. दहादा उचललं, वीसदा उचललं, सगळा टाइमपास. एकच सेट मारायचा. एकदाच, पण पुरता! हात स्वतः म्हणेल, आता मेलो तरी नाही. तिथं थांबायचं. मग सात दिवस हात लावायचा नाही."

"कशाला?"

"कशालाच."

हे 'कशालाच' त्यानं फार मनावर घेतलं. बादली, भाजीची पिशवी, काही उचलायचा नाही. बेचाळीस वर्षांचा ब्रह्मचारी, त्यामुळे बोलायला बायको नव्हती. विहिरीवर कोणी हटकलं तर गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "स्नायू वाढतायत. त्यांना डिस्टर्ब नको." मग शेजारणी हसत त्याचा हंडा भरून द्यायच्या. आळशी माणसाला इतकी शास्त्रशुद्ध सबब मिळालेली मी दुसरी पाहिली नाही.

वजनं घरचीच. डालड्याच्या डब्यांत सिमेंट ओतून मधून पाइप घातलेला. मी बागायतदारांच्या सोसायटीत कारकून, राहायला शेजारी, त्यामुळे बुधवारी साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली. माझं काम एकच. शेवटच्या खेपेला त्याचे हात अर्ध्यावर अडकले, की मी त्याला शिवी घालायची. मासिकात म्हणे तसं लिहिलं होतं. मी भिडस्त माणूस, "अरे गाढवा" यापुढे माझी मजल जाईना. "जोरात! आणि जरा घाण!" तो लालबुंद होऊन ओरडायचा. मग एक अशी डरकाळी की परसातल्या कोंबड्या उडून केळीत जायच्या. डबे धाडकन खाली. बावतीस खाली. आणि मग गळ्यातली टेप काढून दंडाचं माप. ते तो गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीतच लिहायचा, एका बाईच्या ब्लाउजच्या आणि कुणाच्या लेंग्याच्या मध्ये.

या पंथाचे कट्टर शत्रू भास्करनाना. आगाशीला त्यांची व्यायामशाळा. साठीचे, काटकुळे, वेताच्या छडीसारखे ताठ. पहाटे पाचशे जोर, हजार बैठका, तीस वर्षांत खाडा नाही. "अरे, शरीर म्हणजे देवपूजा," ते म्हणायचे. "रोज थोडी करायची. आठवड्यातून एकदा देवाच्या अंगावर घंटा फेकून मारायची नाही!"

खरं सांगायचं तर दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. एकदा पावसाळ्यात केळ्यांची गाडी चिखलात रुतली. बावतीस पुढे झाला, चाकाला खांदा लावला, ती प्रसिद्ध डरकाळी फोडली आणि एका दमात चाक वर काढलं. आम्ही टाळ्या पिटल्या. पण गाडी हलकी करून माल पलीकडे न्यायचा होता, तेव्हा बावतीस बांधावर बसून फक्त श्वास घेत होता. नानांनी एकामागून एक चाळीस घड वाहिले आणि वर अभंग म्हटला. कोण जास्त ताकदवान, यावर त्या रात्रीपर्यंत वाद चालला आणि मिटला नाही.

आता बावतीसच्या आईबद्दल सांगायला हवं. रोजामावशी. एके काळी दांडगी बाई. दर नाताळात गंमत म्हणून ती आमच्या सोसायटीच्या काट्यावर उभी राहायची आणि आकडा ठरलेला असायचा, बहात्तर किलो. त्याचा तिला भारी अभिमान. मग ती पडली, खुबा मोडला, आणि माडीवरच्या खोलीत खिडकीशी खाट टाकून राहिली. खाली यायला तयार नाही, कारण खिडकीतून वाडी दिसते आणि रस्त्यानं कोण कुणाबरोबर गेलं तेही दिसतं. फक्त रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायचंच. बावतीस तिला दोन्ही हातांवर घेऊन जिना उतरायचा आणि टांग्यात ठेवायचा. बुधवारचा सेट सोडला तर आठवडाभर तो जे काही उचलायचा ते एवढंच.

मायलेक आपल्या घरच्या बोलीत बोलायचे. ती मला धड लिहिता येत नाही, म्हणून माझ्या मराठीत सांगतो. दर रविवारी उचलल्यावर ती विचारायची, "बावतीस, मी हलकी झाले का रे?"

"नाही गं आय. माझा सेट लागू पडतोय."

"खोटं बोलू नको हां. माझी आय गेली ना, आधी हलकी हलकी होत गेली. मी हलकी झाले की सांग मला. मग नाही मी खाली येणार. फादरलाच वर बोलाव, शेवटचं तेल लावायला. उगाच मेलेलं माणूस टांग्यातून कशाला फिरवायचं!"

"अगं, दंड बघ माझा! साडेतेरा इंच!" तो म्हणायचा. आणि हेच तो दुकानात, बाजारात, टांग्यावर बसूनही ओरडून सांगायचा. साडेतेरा, पावणेचौदा. इतकी फुशारकी की लोक कंटाळले. मीसुद्धा.

एका रविवारी मिस्सा सुटल्यावर सोसायटीच्या शेडसमोर टांगा थांबला होता आणि समोरून नाना आले. बावतीसनं सवयीनं दंड पुढे केला. "नाना, चौदा! आय आता मला पिसासारखी वाटते."

"दंड फुगला म्हणजे ताकद वाढली असं कोण म्हणतं?" नाना उखडले. "कदाचित माउलीच उतरली असेल. वजन करा आणि मग बोला!"

टांग्यातल्या रोजामावशीनं आधी नानांकडे पाहिलं. मग म्हणाली, "करा. करा माझं वजन."

बावतीसचा चेहरा पडला. "आय, आज रविवार. काटा बंद."

आणि मी मूर्ख, मदत करायला धावलो. "अरे, किल्ली आहे ना माझ्याकडे!"

त्यानं माझ्याकडे जे पाहिलं, ते मला अजून आठवतं. बुधवारच्या शिव्या त्यापुढे काहीच नव्हत्या.

शेड उघडली. काट्याच्या फळीवर खुर्ची ठेवली. बावतीसनं आईला आणून बसवलं, तोंड रस्त्याकडे, पाठ माझ्याकडे, आणि खुर्ची कलंडू नये म्हणून धरल्यासारखा मागे उभा राहिला. मी खुर्चीचं वजन धरून दांडीवरचा सरकता लोलक बहात्तरवर नेला. दांडी धाडकन खाली आपटली. म्हणजे मावशी बहात्तरच्या पुष्कळच खाली. लोलक मागे घ्यायला हात पुढे केला, तर दांडी हळूहळू वर येऊ लागली. थोडी वर. आणखी थोडी. बरोबर मधोमध येऊन तिथं थरथरत राहिली.

मी खाली पाहिलं. खुर्चीच्या मागच्या पायाशी, फळीवर बावतीसच्या बुटाचा चवडा होता. पायमशीन चालवणारा पाय. पोटरीची शीर ताठ, कपाळावर घाम. त्याच्या व्यायामात अशी गोष्ट नव्हतीच. इतकं थोडं, इतकं बेतानं, आणि इतका वेळ दाबून धरणं. त्यानं वर पाहिलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती कितीतरी दिवसांपासून उतरत होती. त्याच्या हातांना ते दर रविवारी कळत होतं. म्हणून तर दंड गावभर दाखवणं चाललं होतं. सगळ्यांनी त्याची ताकद वाढली म्हणावं, आणि ते तिच्या खिडकीपर्यंत पोचावं. मला त्याच्यावर हसल्याची लाज वाटली.

नाना माझ्या खांद्याशी उभे होते. तीस वर्षं पोरांच्या पायांकडे बघून बैठका मोजलेला माणूस, त्यांच्या नजरेतून पाय सुटणं शक्य नव्हतं. ते पाहत होते. एक क्षण मला वाटलं, आता हे बोलणार.

"बहात्तर!" नाना गरजले. "चोख बहात्तर! मावशी, गुंजभर फरक नाही."

"बघितलं?" रोजामावशी वळायचा प्रयत्न करत म्हणाली. "मी म्हणतच होते. मग तुम्ही हरलात, नाना!"

व्यायामशाळेची चार माणसं दाराशी जमली होती. त्यांच्यासमोर नाना म्हणाले, "हरलो. बावतीसचा एक सेट आणि माझे पाचशे जोर, सारखेच. लिहून ठेवा."

बावतीसनं आईला उचललं. या वेळी तिनं काही विचारलं नाही, उलट त्यालाच सांगितलं, "सांभाळ रे, जड आहे मी." टांगा गेला. ती पुढे सात महिने दर रविवारी चर्चला गेली.

शेडमध्ये नाना आणि मी दोघंच उरलो. मी काहीतरी बोलणार होतो, पण नाना वाकले. फळीवरच्या धुळीत बुटाच्या चवड्याचा अर्धा ठसा स्पष्ट उमटला होता. नानांनी तो उपरण्यानं पुसला, उपरणं झटकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुलूप लाव."