सात शिक्के आणि एक घसरगुंडी

आमचं कुटुंब आनंदी आहे. हे मी म्हणत नाही, प्रमाणपत्र म्हणतं. ते आमच्या बैठकीच्या खोलीत, घड्याळाखाली, काचेच्या चौकटीत लावलेलं आहे. ते मिळवायला आम्ही एक अख्खा रविवार छताखालच्या वॉटर पार्क रिसॉर्टमध्ये घालवला.

मी नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क आहे. बावीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही अपुरा कागद पुढे सरकलेला नाही. माझी मुलगी, चिमणी, सात वर्षांची. गेल्या वर्षी त्या रिसॉर्टच्या मोठ्या घसरगुंडीपाशी उभ्या असलेल्या लाकडी जिराफाने तिला परत पाठवलं होतं. जिराफाच्या गळ्यावर लाल रेघ आहे आणि चिमणी तिला दोन बोटं कमी पडली. तेव्हापासून वर्षभर ती दाराच्या चौकटीला पाठ लावून स्वतःला मोजत होती. यंदा ती रेघेच्या वर गेली. "बाबा, तुम्ही माझ्या मागे बसायचं आणि मला घट्ट धरायचं," हे तिने महिनाभर आधीपासून माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

दारात स्वागतिकेने आमच्या मनगटांवर पट्टे बांधले आणि एक कार्ड दिलं. "हे कुटुंब-आनंद कार्ड. सात कौटुंबिक उपक्रम, सात शिक्के. शिक्के पूर्ण झाले की मोठी घसरगुंडी आणि प्रमाणपत्र. घसरगुंडी पाचला बंद होते हं."

"आणि शिक्के नसतील तर?" बायकोने विचारलं.

"मग तुम्ही नुसते पाण्यात खेळायला आलेले लोक," स्वागतिका गोड हसून म्हणाली.

इतकी चोख व्यवस्था मी आमच्या कार्यालयातही पाहिली नव्हती. माझा ऊर भरून आला.

पहिला उपक्रम परस्पर-परिचयाचा. बायकोचा आवडता रंग मी चुकीचा सांगितला, पण प्रयत्नाची नोंद घेऊन शिक्का मिळाला. दुसऱ्यात एका अंधाऱ्या खोलीत पाण्याचं महत्त्व सांगणारा चाळीस मिनिटांचा माहितीपट होता. भिंतीपलीकडे खरं पाणी धबाधब कोसळत होतं आणि पोरं किंचाळत होती, त्यामुळे निवेदन नीट ऐकू आलं नाही. मी तशी लेखी तक्रार दिली.

तिसरा उपक्रम म्हणजे सगळ्यांनी मिळून वीस टॉवेलांच्या घड्या घालणे. माझ्या सासूबाई इस्पितळाच्या धुलाई विभागातून निवृत्त झालेल्या. त्यांनी तीन मिनिटांत वीसच्या वीस घड्या घातल्या. मदतनीस बाईंनी त्या सगळ्या मोडल्या. "सहभाग समान हवा, आजी."

"टॉवेल तर कोरडेच आहेत," सासूबाई म्हणाल्या. "कुणी अंग पुसतच नाही का इथे?"

"हे उपक्रमाचे टॉवेल आहेत," बाईंनी सांगितलं.

चौथ्या उपक्रमात खुर्च्यांवर गोल बसून एकत्र हसायचं होतं. आम्ही हसलो. शिक्का उमटला, पण फिका. गोलाची डावी बाजू जवळजवळ गायबच. मी कार्ड उजेडात धरलं.

"अहो, चालेल हो," बायको म्हणाली.

"उद्या कुणी हरकत घेतली तर?"

"जावईबापू, साडेतीन वाजले," सासूबाई म्हणाल्या.

चिमणी काचेपलीकडच्या जिराफाकडे बघत होती. मी पुन्हा रांगेत उभा राहिलो. नियम असा निघाला, की शिक्का पुन्हा हवा असेल तर पुन्हा हसावं लागतं. दुसऱ्या खेपेला हसू तितकंसं जमलं नाही, म्हणून तिसऱ्यांदा बसवलं. ठसठशीत शिक्का घेऊन मी उठलो तेव्हा साडेचार झाले होते आणि सासूबाई व चिमणी दोघीही जागेवर नव्हत्या.

त्या सापडल्या मोठ्या घसरगुंडीच्या तळाशी. नखशिखान्त भिजलेल्या आणि हसून हसून वाकलेल्या. त्यांच्या हसण्यावर मात्र कुणीच शिक्का मारत नव्हतं.

"कार्डाशिवाय सोडलंत कसं?" मी जीवरक्षकाला दरडावलं.

"साहेब, सकाळपासून इथवर कुणी पोचलंच नव्हतं," तो म्हणाला. "आजी म्हणाल्या, मी हिची आजी आहे. मला तेवढं पुरलं."

"बाबा, आजीने मला घट्ट धरलं होतं!" चिमणी ओरडली. ती जागा माझी होती. मी बुटाच्या नाडीला हात घातला, तेवढ्यात पाचची शिट्टी वाजली आणि दोरी आडवी आली.

उरलेले शिक्के मी आणि बायकोने धावतपळत मिळवले. सातवा उपक्रम होता कौटुंबिक फोटो. तिथे गालिचा असल्यामुळे ओल्या व्यक्तींना प्रवेश नव्हता. आजी आणि नात दोघी ओल्या, म्हणजे कुटुंब अपुरं.

फोटोग्राफर मात्र अनुभवी होता. बाकावर आणखी एक कुटुंब अडकलं होतं. त्यांचे बाबा न सांगता तलावात उतरले होते. आम्ही त्यांना बाबा दिले, त्यांनी आम्हाला आजी आणि मुलगी दिली. दोन कार्यालयांत कधी होत नाही असं सहकार्य दोन मिनिटांत झालं. मागे लाटेचा पडदा सोडला, आमच्या तोंडांवर बाटलीतून पाणी फवारलं आणि प्रमाणपत्रावर तो फोटो चिकटवला.

त्याच संध्याकाळी मी तो सगळ्यांना पाठवला. तुम्हालाही. तुम्ही तत्परतेने लाल बदाम पाठवलात आणि खाली लिहिलंत, "चिमणी किती उंच झाली! आणि दिसायला अगदी आजीवर गेलीय हो!"

चिमणीने ते वाचलं. केस अजून ओलेच होते तिचे.

"बाबा, यांनी मला कधी पाहिलंय का?"

"म्हणजे काय?" मी म्हणालो. "दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला येतात."