गिरमेबाईंचं पाणी

चित्र काढायला बसण्याआधी गिरमेबाई पाणी चाखून बघतात. तहान म्हणून नव्हे. विहीर असो, हापसा असो की पाट, जिथं बसतील तिथलं पाणी ओंजळीत घ्यायचं, एक घोट जिभेवर घोळवायचा आणि निकाल द्यायचा. एकदा राहुरीजवळच्या एका शेतकऱ्यानं मोठ्या अगत्यानं तांब्या पुढे केला, तर बाई म्हणाल्या, "खारट आहे. आभाळाला चालेल, झाडाला नाही."

तो चक्रावला. "आवं, आमचा समदा ऊस ह्याच्यावरच हाय की!"

खाऱ्या पाण्यात रंग दाणेदार उतरतो, असं बाईंनी मला नंतर समजावलं. मी बँकेत जन्म काढलेला माणूस. मान डोलावली.

बाई आमच्या शेजारच्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, लग्न केलं नाही. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, ऑइलपेंटात. मुलीनं नगरला जाऊन चित्रकलेचा डिप्लोमा केला आणि नेमके जलरंग धरले. वडील म्हणाले, "पाणी पडलं की जाईल सगळं." बाई म्हणाल्या, "मग पाडू नका."

"वाळू दे" हे त्यांचं सगळ्या रोगांवरचं औषध. ओल्या रंगावर पुन्हा ब्रश मारला की चिखल होतो, म्हणून थांबायचं. हे चित्रापुरतं ठीक, पण मुख्याध्यापकांनी मेमो दिला तेव्हाही बाईंनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "वाळू द्या, मग उत्तर देते." आमच्या मुलीला स्थळ सांगून आलं, आमची ही भांडून माहेरी निघाली, मी गुडघ्याचं ऑपरेशन ठरवलं, दर वेळी कुंपणापलीकडून तेच. गुडघा अजून तसाच आहे. ही मात्र स्टँडवरून परत आली.

पुण्यात त्यांचं एकच प्रदर्शन झालं. एका गृहस्थांना बाजरीच्या शेताचं चित्र फार आवडलं. फक्त हिरवा रंग थोडा वाढवून मिळेल का, म्हणाले, सोफ्याला जुळेल. "सोफा बदला," बाई म्हणाल्या. वीसच्या वीस चित्रं एसटीनं परत आली. मला वाटलं, खट्टू असतील. तर म्हणाल्या, "बरं झालं. त्यांना बाहेर राहायची सवय नव्हती."

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. दर हिवाळ्यात बाई आठवडाभर पाथर्डीकडे जायच्या. येताना दहा-बारा चित्रं असायची, आणि पुढच्या रविवारनंतर त्यातलं एकही घरात दिसायचं नाही.

"दिली," एवढंच सांगायच्या.

"कुणाला?"

"ज्यांची त्यांना."

गेल्या हिवाळ्यात त्यांची स्कूटी बंद पडली. म्हणाल्या, "रविवारी रिकामे आहात? गाडी काढा."

साखर कारखान्याच्या मागे ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या होत्या, तिथं त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. बायका हातातलं काम टाकून धावत आल्या. बाईंनी पिशवीतून एकेक चित्र काढून दिलं. सगळी घरं. पाथर्डीकडच्या वस्त्यांवरची, माणसं ऊसतोडीला आल्यामुळं बंद असलेली.

सरूबाई नावाच्या म्हातारीनं मला सांगितलं, "पयल्यांदा ह्या आमच्या कोप्या काढाया आल्या हुत्या. म्या म्हन्लं, ह्या काय काढता? आमचं घर काढा. सा-सा म्हैनं दिसत न्हाई." तेव्हापासून बाई दर वर्षी जाऊन घरं बघून येतात.

"लिंबाला पाला फुटलाय का वो?" एकीनं विचारलं. "फुटलाय," बाई म्हणाल्या. दुसरी चित्र डोळ्याजवळ धरून म्हणाली, "बाई, दारावर कुलूप काढायचं ऱ्हायलं."

"राहू दे तसंच," बाई म्हणाल्या.

तिनं पदरानं चित्राचा कोपरा पुसला, जिथं काहीच लागलेलं नव्हतं.

निघताना सरूबाईनं बाईंचा हात धरला. "आमची समद्यांची घरं काढली. तुमचं कसं हाय? दावा की एकदा."

बाई हसल्या. घर येईपर्यंत त्या खिडकीबाहेरच बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाई स्वतःच्याच फाटकासमोर रस्त्यात स्टूल टाकून बसलेल्या. फळ्यावर कागद, आणि कागदावर नुसत्या पेन्सिलीच्या रेघा. मला पाहून हाक मारली.

"तुमच्याकडे एखादी जास्तीची खुर्ची आहे का हो? ओट्यावर ठेवायला. घर फार ओकंबोकं दिसतंय."

मी आमची वेताची खुर्ची नेऊन त्यांच्या दारापाशी ठेवली आणि परत फिरलो.

"जाताय कुठं?" बाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या. "बसा की. रिकामीच ठेवायची तर मग आणायची कशाला?"

मी बसलो. दूधवाला येऊन गेला, हिनं दोनदा चहाला हाक मारली. मी काही हललो नाही.