करंदीकर काकांचं निकेल

संध्याकाळी सिंहगडामागे सूर्य उतरू लागला की आमच्या धायरीच्या सोसायटीतले लोक गच्चीवर जाऊन फोटो काढतात. करंदीकर काका तापमान सांगतात.

"साडेनऊशे अंश," तापलेल्या धातूकडे बघावं तसं केशरी आभाळाकडे बघत ते पुटपुटतात. "एवढ्या आचेत तुमचं स्टेनलेस केव्हाच मऊ पडलं असतं. निकेलचा मिश्रधातू मात्र उभा. हूं की चूं नाही." मग रंग लाल होतो आणि काका हळूच सातशेवर येतात.

आयुष्यभर एका कारखान्यात ते धातूंच्या परीक्षा घेत होते. ओढून, वाकवून, तापवून, आम्लात बुडवून. निवृत्त झाल्यावर परीक्षा थांबल्या नाहीत, फक्त आता त्या आमच्या घेतात. माझ्या भाचीला स्थळ आलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मुलगा स्टेनलेस की निकेल?"

"आयटीत आहे," मी म्हटलं.

"म्हणजे स्टेनलेस. वाईट नाही हो. चकाकी छान, खिशाला परवडतं. फक्त खाऱ्या पाण्यात फार ठेवू नका, बारीक खड्डे पडतात. निकेल दिसायला मंद. पण समुद्रात बुडवा, भट्टीत घाला, स्वभाव सोडायचं नाही."

निकेलबद्दल बोलताना त्यांचा आवाज इतका मऊ होतो की ऐकणाऱ्यालाही गुंगी येते. एकदा ऐकता ऐकता माझं दूध उतू गेलं. काकांनी ओट्यावरून वाहणारं दूध पाहिलंच नाही. पातेलं पाहिलं आणि म्हणाले, "बूड जाड आहे. टिकेल."

त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला असंच एक पातेलं द्यावं म्हणून मी त्यांनाच तुळशीबागेत घेऊन गेले. कोणासाठी ते सांगितलं नाही. काकांनी खिशातून लोहचुंबक काढला आणि दिसेल त्या स्टीलच्या भांड्याला लावत सुटले. "चिकटला? ठेवा परत. यात निकेल नाही."

"आजोबा, आम्ही भांडी विकतो. नापास करत नाही," दुकानदार म्हणाला.

शेवटी एका पातेल्याला चुंबक चिकटेना. काकांचा चेहरा नातू झाल्यासारखा उजळला. "हे घ्या! निकेल भरपूर!"

वाढदिवसाला मी तेच नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पातेलं घेऊन माझ्या दारात. "तुम्हीच वापरा. आमच्याकडे नको." एवढं बोलून जिना चढून गेले.

मला भयंकर राग आला. त्यांच्यामागोमाग वर गेले आणि वसुधाकाकूंना सरळ विचारलं. काकू दुखरा गुडघा चोळत बसल्या होत्या.

"अगं, मला निकेल सोसत नाही," त्या हसत म्हणाल्या. "हातांना खाज, चट्टे, भेगा. लग्नानंतर यांनी हौसेनं निकेलच्या मिश्रधातूची अंगठी करून घातली होती. माझं बोट सोलून निघालं. तेव्हापासून घरात सगळी भांडी हलकी, चुंबक चिकटणारी. बाहेर व्याख्यानं आणि घरात बंदी!"

माझा राग कुठल्या कुठे गेला.

पुढे काकूंचा गुडघा बदलायचं ठरलं. दवाखान्यात मीही सोबत गेले होते. डॉक्टर म्हणाले, नेहमीच्या कृत्रिम सांध्यात निकेलचा अंश असतो, बहुतेकांना त्रास होत नाही. बिननिकेलचाही मिळतो, पण मागवावा लागेल, तोवर दुखणं सोसावं लागेल. काकूंना आत बसवून काका बाहेर आले आणि माझ्या शेजारी बाकावर बसले.

"इतकी वर्षं यंत्रांसाठी धातू निवडले. चुकलं तर भाग बदलता यायचा. हा तिच्या हाडात बसणार. थांबलो तर ती कळा सोसणार, घाई केली तर..." ते माझ्याकडे वळले. "तुम्हीच सांगा, काय करू?"

मला पितळ आणि तांबंसुद्धा वेगळं ओळखता येत नाही. "काकूंना विचारलंत?" मी म्हटलं.

त्यांनी विचारलंच नव्हतं. उठून आत गेले. दार उघडंच होतं.

"थांबू या की," काकूंचा आवाज आला. "मला धीर आहे. तुमचाच सुटतोय."

"सुटणारच ना! तुला काही झालं तर माझं निकेलपुराण कोण ऐकणार गं?"

"मी तरी कुठे ऐकते? मी नुसती तुमच्याजवळ बसते."