उजवीकडून चढणारा सुकाजी

सायकलवर डावीकडून चढतात. आता हे काय सांगायचं झालं? डावा पाय पायडलवर, दोन ढकल्या, उजवी टांग सीटवरून पलीकडं. शेंबडं पोरगंही जाणतं. आमचा सुकाजी रंगारी मात्र उजवीकडून चढायचा. उजवीकडं चेन असते, आणि त्याच्या सायकलीचं चेनकव्हर कधीच गळून पडलेलं. त्यामुळं बाकी लोकांच्या पायजम्याचा एकच पाय ऑइलनं काळा होतो, सुकाजीचे दोन्ही. सौंसरच्या बाजारात दोन्ही पाय काळे असलेला माणूस दिसला की तो सुकाजी, चेहरा पाहायची गरज नव्हती.

सौंसरच्या एका सरकारी कचेरीत मी बाबू होतो आणि सुकाजी चपराशी. दोघंही एका गावचे, रामाकोन्याच्या बाजूचे. रोज सोबतच सायकलनं जायचो, सोबतच यायचो. मी मुळातला चिडका माणूस. रस्त्यात गड्डे, कचेरीत धूळ, संत्र्याला कोळशीचा रोग, साहेबाला अक्कल नाही. या मुलखाचं काही होत नाही, हे मी विशीतच ओळखलं होतं आणि तेव्हापासून माझं मत बदलावं असं एकही कारण कोणी मला दिलेलं नाही. अशा माणसाला सकाळी सकाळी सुकाजीची सोबत म्हणजे काय, ते तुम्ही समजून घ्या.

कारण सुकाजी रोज सिनेमा सांगायचा. एकच सिनेमा.

आठ-नऊ वर्षांपूर्वी सरकारी प्रचाराची गाडी आमच्या गावात आली होती. आधी कुटुंब नियोजन, मग कपाशीवरची कीड आणि शेवटी, लोकांनी उठून जाऊ नये म्हणून, एका पोराचा सायकलचा सिनेमा. नाव मला आठवत नाही. पहाडातलं एक पोरगं बापाच्या मोठ्या सायकलवर दूध घालत फिरतं, मोठं होता होता शर्यतीच्या नादी लागतं, शर्यतीत पडतं, चेन उतरते, ती हातानं बसवतं आणि सगळ्यात शेवटी पोचतं. संपला सिनेमा. मी पाहिला, घरी जाऊन जेवलो आणि विसरलो. सुकाजी विसरला नाही.

"भाऊ, आज त्या पोट्ट्याचा घाटाचा सीन सांगू का?"

"काल सांगितला ना!"

"काल उताराचा होता. आज चढावाचा हाये."

आणि सांगायचा बाप्पा! पहिल्या पुलापर्यंत पोरगा घाट चढायचा. पुढच्या वडापर्यंत त्याची माय त्याच्या गुडघ्यावर फडकं बांधायची. सौंसरची घरं दिसायला लागली की शर्यत सुरू. पहिला कोण आला हे सुकाजीला माहीतच नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "असंल कोणी पैसेवाल्याचं पोट्टं. त्याच्यात काय सांगाचं?" पण शेवटी येणाऱ्या पोराला पाहून लोक कसे घराकडं निघाले होते, रस्ता कसा रिकामा झाला होता आणि त्याची माय एकटीच कशी उभी होती, हे सांगताना सुकाजीची सायकल चालता चालता जवळजवळ थांबायची. मला मागून घंटी वाजवावी लागायची.

कचेरीत कोणाचं काही अडलं की त्याचा तोडगा सिनेमातच निघायचा. बढती रखडलेल्या कारकुनाला तो पाण्याचा गिलास देता देता म्हणायचा, "चेन उतरली हाये साहेब, बसवा अन् चाला." कारकून गिलास घ्यायचा आणि खिडकीतून फुलझाडाला घालायचा. मी मात्र सुकाजीच्या हातचं पाणी घटाघटा प्यायचो, सगळ्यांसमोर, जरा मुद्दामच. मला माझं फार कौतुक होतं.

सिनेमाबद्दल सुकाजीची काही मतं अशी होती की ऐकून डोकं फिरावं. एक म्हणजे तो सिनेमा विलायती होता.

"अरे, हिंदीत बोलत होते ना सगळे?"

"बोलत हिंदी होते. पण सुरवातीले जे नावं येतात ना, ते विलायतीत. मले वाचता येते भाऊ, चवथी पास हावो मी. एक अक्षर लागलं नाही."

दुसरं मत हे चढण्याचं. "तो पोट्टा उजवीकडूनच चढते. पाह्यलं ना मी! ज्याले शर्यत खेळाची हाये त्यानं तसंच चढाव."

"डावीकडून चढतो, सुकाजी. मीही पाहिलाय."

"तुमी झोपले असान."

यावर आमचं जे लागायचं! वर्षानुवर्षं लागायचं. आम्ही दोघं शिकले-सवरलेले, बायकापोरांचे, म्हणजे मी तरी. सुकाजीची बायको शेवंता तीन वर्षांमागं काविळीनं गेली, मूलबाळ नव्हतं. तर दोघं घोडे भर रस्त्यात सायकली थांबवून भांडायचो, की एक पोरगं कोणत्या बाजूनं सायकलवर चढलं. शेवटी मी म्हटलं, थांब लेका, तुला दाखवतोच.

प्रचाराच्या गाडीवरचा एक माणूस माझ्या ओळखीचा निघाला. त्याच्या मागं लागलो. चार महिने लागलो. मी आयुष्यात इतकी खटपट ना नोकरीसाठी केली, ना लग्नासाठी. एक दिवस त्यानं निरोप धाडला, सापडला सिनेमा, शुक्रवारी येतो.

सुकाजीला सांगितलं तेव्हा त्याच्या हातात डाकेचा गठ्ठा होता. तो त्यानं टेबलावर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. "खरं सांगून राह्यले का भाऊ? तोच? तोच पोट्टा?" त्या शुक्रवारी त्यानं दाढी केली, धुतलेला पांढरा सदरा घातला, पायजमाही नवा. नव्या पायजम्याला डाग नको म्हणून गावातल्या गावात सायकल न आणता पायीच आला.

पडदा आमच्या घरासमोरच्या पटांगणात, दोन निंबांच्या मधात बांधला होता, मागच्या वेळी होता तिथंच. सतरंज्या टाकल्या, एकीकडं बाया, एकीकडं माणसं. आबा, म्हणजे माझे वडील, पुढं खाटेवर. मी घरातून दोन लोखंडी खुर्च्या आणल्या आणि पहिल्या रांगेत टाकल्या. एक माझी, एक सुकाजीची. माझ्या मनात काय होतं ते खरं सांगतो. सन्मान वगैरे अर्धाच. अर्धं हे होतं की लेकाचा समोर बसला पाहिजे, सगळ्यांसमोर हरला पाहिजे.

सुकाजी खुर्चीपाशी अडला. "खाली बसतो भाऊ." मी खांदा दाबून बसवला. तो बसला तसं शेजारच्या सतरंजीवरच्या एकाला एकदम आठवलं की इथून नीट दिसत नाही. मग दुसऱ्याला आठवलं. मग एक जण लघवीला गेला तो तिकडंच मागं बसला. मी घड्याळात पाहत राहिलो. दोन मिनिटांत आमच्या खुर्च्यांभोवती इतकी जागा झाली की बैल बसला असता. सुकाजी पडद्याकडं पाहत होता, अजून त्यावर काही नव्हतं तरी.

सिनेमा सुरू झाला. नावं आली. सुकाजी माझ्याकडं वाकला, "भाऊ, हे तर हिंदीत हाये." मी हसलो. म्हटलं, अजून पाह्य.

पोरगं दुधाचे डबे लटकावून घरातून निघालं. डावा पाय पायडलवर ठेवला, टांग मारली. मी खुर्चीतून उठलोच. "पाह्य सुकाजी! कोणत्या बाजूनं चढला? सांग आता! सांग!" सारं पटांगण हसलं, त्या रंगाऱ्याच्या सायकलची गोष्ट गावात कोणाला माहीत नव्हती? बायाही पदर लावून हसल्या. सुकाजीनं मान एकदा डावीकडं कलती केली, एकदा उजवीकडं, वस्तू ओळखीची वाटते पण आपली नाही असं झाल्यावर माणूस करतो तसं.

खाटेवरून आबा म्हणाले, "अरे, त्याचं बरोबर हाये. त्याईले आपण तेव्हा पडद्याच्या मागं बसवत होतो ना. तिकडून उलटंच दिसन."

बैल कोणत्या खुंट्याला बांधत होतो हे सांगावं तसं सांगितलं त्यांनी. आणि तंबाखू मळायला लागले.

आबांचं काय, ते जुने. पण मागच्या वेळी बौद्धवाड्यातली माणसं आली तेव्हा हातात कंदील घेऊन "इकडून या, इकडून, तिकडं मागं जागा आहे" म्हणत त्यांना पडद्यामागं नेणारा मी होतो. कॉलेजात शिकत होतो तेव्हा, समतेवर भाषण करून बक्षीस आणलं होतं. आठ वर्षं या माणसाशी रोज भांडलो आणि एकदाही हे मला आठवलं नाही! त्या पोराचं टांग मारणं आठवलं, माझा कंदील नाही आठवला.

सुकाजी उठला आणि अंधारात गेला. मला वाटलं घरी गेला. मी मागं धावलो, तर तो पडद्याच्या पाठीमागं कडब्याच्या गंजीपाशी खाली मांडी घालून बसलेला. तिथं आता कोणी नव्हतं. बौद्धवाड्यातली पोरं असले सिनेमे पाहत नव्हती, ती पांढुर्ण्याच्या टॉकीजला जात. पडद्यावर पोरगं आता उलटं चाललं होतं.

मी म्हटलं, "सुकाजी, चुकलं माझं. चल ना समोर."

"बस झालं भाऊ. तिथं माझ्या बाजूले कोणी बसून नाही राह्यलं."

"मी बसलो होतो ना."

"तुमी मले हरवाले बसले होते."

मी उभाच राहिलो. तोच बोलला, पडद्यावरची नजर न काढता.

"मले माहीत हाये भाऊ, लोक डावीकडून चढतेत. मी काय आंधळा हावो? पयल्याच महिन्यात समजलं होतं." मग म्हणाला, "साहेबानं विचारलं होतं, सायकल येते का, डाक वाटाची हाये. मी हाव म्हटलं. येत कुठं होती? आमच्याकडं सायकल कोणाकडं होती तवा? तुमच्या आळीत होती, तिले हात लावू देत होते का कोणी? तीन रोजात शिकाचं होतं. अन् त्याच रोजी हा सिनेमा आला. आमी दोघं इथं बसलो. तिकडं समोर बाया येगळ्या, माणसं येगळे. इथं आमाले कोण वाटून देते जागा? शेवंता माझ्या बाजूनं बसली, हितं, अशी. लग्नाले पाच वर्षं झाले होते, चारचौघात आमी कधी बाजूबाजूनं बसलो नव्हतो. तिनं पुरा सिनेमा पाह्यला नाही भाऊ, तो पोट्टा चढते कसा, उतरते कसा, तेवढंच पाह्यलं. सकाळी किरायाची सायकल आणली. मी डावीकडून गेलो तर मले म्हणते, 'तसं नाही, या बाजूनं, त्या पोट्ट्यासारखं.' क्यारियर धरून धावली. तीन रोज धावली. तिचे पाय सुजले होते."

त्यानं नाक पुसलं. "नोकरी लागली. आता मी चढाची बाजू बदलून काय करू? डावीकडून चढलो तर ती शिकवलेली सायकल राह्यते का?"

पडद्यावर शर्यत लागली होती. पलीकडून लोकांच्या टाळ्या ऐकू आल्या. सुकाजी थोडा सरकला, जमिनीवरचा कडबा हातानं बाजूला केला आणि म्हणाला, "बसता का?"

मला बसायचं होतं. खरंच बसायचं होतं. पण तेवढ्यात पलीकडून आबांची हाक आली, "कुठं गेला रे? सगळे विचारून राह्यले." पडद्याच्या कडेनं चार-पाच माना वळून इकडंच पाहत होत्या. मी सुकाजीला म्हटलं, "आलोच."

समोर गेलो. सुकाजीची खुर्ची कोणीतरी उचलून भिंतीला लावली होती आणि सरकलेले लोक परत आपापल्या जागी येऊन बसले होते. मीही बसलो. पोरगं पडलं, उठलं, चेन बसवली, शेवटी पोचलं. त्याची माय उभी होती. मी सगळा सिनेमा पाहिला, आणि संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मीही वाजवल्या.