काच हाय, भाकर न्हाई

गंगाराममामांना कुणी हात जोडले, की ते उलट हात जोडत नाहीत. समोरच्याचे जोडलेले हात धरतात, उलगडतात आणि बोटांची टोकं उजेडाकडे करून बघतात. भज्यांचं तेल, विभूती, शाई, काहीही सापडलं की अंगणातल्या नळाकडे मान हलवतात. "धुऊन ये. काच हाय, भाकर न्हाई."

पाहुणा असो की मतं मागायला आलेला उमेदवार, नियम एकच. उमेदवारानं हात धुतले, रुमालाला पुसले, पुन्हा दाखवले. मामा म्हणाले, "आता बस. बाकीचं बघू."

मी हिंगोलीत हळदीचा व्यापारी. म्हणजे माझी बोटं जन्माची पिवळी. याच बाजारात मी आधी पोती उचलली, मग पोती मोजली आणि मग विकत घेतली. तीस वर्षांत माझ्या बोटांना नाव ठेवायची कुणाची छाती झाली नाही. आणि हा घड्याळं दुरुस्त करणारा माणूस मला दर रविवारी चार लोकांदेखत दोन-दोनदा साबण लावायला लावतो. "हळदशेठ, अजून एक डाव." मी तापट आहे, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. तरी मी निमूटपणे नळाकडे जातो. त्याला कारण एक लेन्स आहे.

आमचा हौशी फोटोवाल्यांचा गट आहे. शाळेतले कदम सर, मेडिकलवाला शेख, मी आणि आणखी दोघं-तिघं. रविवारी पहाटे सिद्धेश्वरच्या धरणावर नाहीतर एखाद्या बाजाराच्या गावाला जायचं, आणि दहाच्या सुमाराला मामांच्या ओसरीवर जमून आठवड्याचे फोटो दाखवायचे. इतर घरांत सोयरिकीची बोलणी चालतात तशी तिथं लेन्सची चालतात. कुणाची लांबचं बघते, कुणाची अंधारात टिकते, कुणाची दिसायला चांगली पण कडेला मऊ, धूसर पडते. कदम सर आकडे सांगतात, शेख ते खोडून काढतो, आणि मामा चष्मा कपाळावर चढवून फोटो डोळ्यांजवळ नेतात व एखादंच वाक्य बोलतात.

गटातली सगळ्यात लांब आणि महाग लेन्स माझी. तिच्यानं मी धरणावरच्या बगळ्याचा फोटो काढला होता. पंखांतलं पीस न् पीस मोजावं असा. कदम सर दोन मिनिटं वा वा करत होते. मामांनी तो नीट बघितला आणि म्हणाले, "पिसं मोजून झाली. आता बगळा दाखव."

शेख इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. ते वाक्य मी विसरलेलो नाही, आणि शेखचं हसणंही.

मामांकडे एक जुनी, पितळी कड्याची लेन्स आहे, एकशे पस्तीस मिलिमीटरची. ते तिच्यानंच फोटो काढतात आणि नेहमी उजेडासमोर उभं राहून काढतात, जे कदम सरांच्या मते चूक आहे. फोटो झाला की तिचं झाकण लगेच बंद. आमच्या इकडच्या गोरेगावच्या बाजारात बांगड्या भरून घेणारी म्हातारी, धरणाच्या काठी जाळं झटकणारा माणूस. त्या फोटोंत उजेड दुधासारखा उतू गेलेला असतो. माणसाच्या केसांच्या कडेनं तो सांडतो आणि खाली गालावर येतो. आमच्या कुणाच्याच लेन्समधून तसं होत नाही. मी दोन नव्या लेन्स घेऊन बघितल्या, मग ठरवलं की हीच घ्यायची.

सौदा मी रीतसर सुरू केला, म्हणजे आधी मालाला नावं ठेवली.

"मामा, हिच्या आत बुरशी हाय. म्हणून तर फोटो धुरकट येतो."

"आसल."

"असला माल कोण घेणार?"

"तूच मागून राहिलास की."

"बरं, बोला काय द्यायचं."

"न्हाई."

"न्हाई म्हणजे किती?"

मामा हसले आणि डब्याचं झाकण लावलं. पाच वर्षं झाली. नाही म्हणणाऱ्यांकडून मी आयुष्यभर माल घेतला आहे. प्रत्येकाच्या नाहीला भाव असतो, फक्त तो आधी कळत नाही. या माणसाच्या नाहीला भावच नाही. इतकंच नव्हे, बाकीच्या लेन्स दोनदा हात धुतल्यावर हातात मिळतात, ही तशीही मिळत नाही. हे माझ्या मनात सलत होतं.

पावसाळा सरला की मामा लेन्सना ऊन देतात. काचेतली बुरशी उन्हानं मरते. गच्चीवर बाज, बाजेवर पांढरं धोतर, धोतरावर स्टीलच्या ताटल्या आणि प्रत्येक ताटलीत झाकणं काढलेली एक लेन्स. शेजारी मामा छत्री उघडून बसतात, कुरडया राखत बसल्यासारखे, आणि दर पाव तासानं लेन्स फिरवतात. पूर्वी ताटल्या नव्हत्या. मग एका लेन्समधून ऊन एकवटून धोतराला भोक पडलं. तेच धोतर नेसून मामा एका लग्नाला गेले आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला भोकाकडे बोट दाखवून सांगत होते, "बघा, केवढं गोल हाय. काच खरी."

या उन्हात एकशे पस्तीस मात्र कधी येत नाही. ती डब्यातच राहते. सोबत नव्या चपलांच्या खोक्यांतून निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या. गावात कुणी चप्पल घेतली की पुडी मामांकडे पोचते. मी एकदा विचारलं, "हिला काहून ऊन देत न्हाई?"

"तिला सोसत न्हाई," मामा म्हणाले. लेन्सला ऊन सोसत नाही म्हणजे काय, हे विचारायची सोय नव्हती.

पूर्वी मामा लेन्स उघडून आतून साफ करायचे. तेव्हा समोर त्यांची बायको, रुक्मिणकाकू, बसायच्या. मामा कडी सोडवायचे आणि काकू काच धरायच्या. "माझा तिसरा हात," असं मामा लोकांना सांगायचे, आणि त्याच तिसऱ्या हातावर ओरडायचे, "बोट लावू नको." काकू म्हणायच्या, "मंग काय नजरेनं धरू?" मला पंचा आणून द्यायच्या आणि हळूच सांगायच्या, "ते मलाबी तसंच बोलत्यात, मनावर घेऊ नका." सहा वर्षांखाली काकू गेल्या. त्यानंतर मामांनी एकही लेन्स उघडली नाही. बारीक दिसत नाही, असं सांगतात.

यंदा दसऱ्यानंतर मामांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मुलगी चार दिवसांसाठी त्यांना नांदेडला घेऊन गेली. जाताना मामा डबा घेऊन माझ्या दारात उभे. मला वाटलं, स्वप्न बघतोय.

"कदम सर बोलण्यात विसरतो. शेखच्या घरी लेकरं हायेत. तुला माल सांभाळता येतो," मामा म्हणाले. "दहा ते बारा ऊन द्यायचं. फिरवत राहायचं. एकशे पस्तीस डब्यातून काढायची न्हाई."

दोन दिवस मी शब्द पाळला. तिसऱ्या दिवशी मनानं सौदा सुरू केला. म्हातारा हट्टी आहे, बुरशीनं काच खाऊन टाकेल, आपण थोडं ऊन दिलं तर उपकारच होईल. खरं सांगायचं तर मला ती एकदा हातात घ्यायची होती. बघायला कुणी नव्हतं, तरी मी तीनदा साबण लावला.

दहाला ती माझ्या गच्चीवर उन्हात ठेवली. सव्वाअकराला पुन्हा फिरवायला उचलली तेव्हा ऊन तिच्यातून आरपार आलं आणि आतल्या काचेवर एक ठसा दिसला. बोटाचा. लहानसा, रेघ न् रेघ उमटलेला, फिकट पिवळा.

आधी वाटलं, माझंच बोट. फडकं घेऊन पुढची काच पुसली, मागची पुसली. जाईना. ठसा आत होता, जिथं लेन्स उघडल्याशिवाय बोट पोचत नाही. आणि काच धरणारं माणूस जगात एकच होतं.

मग ते ऊन न सोसण्याचं मला कळलं. साडीवर हळद सांडली तर बायका धुऊन उन्हात टाकतात आणि संध्याकाळी डाग नसतो. मी स्वतः गोदामाच्या खिडकीला गोणपाट लावतो, भुकटीचा रंग उडू नये म्हणून. तीस वर्षं हळदीत काढलेल्या माणसानं तो ठसा सव्वा तास उन्हात ठेवला होता.

लेन्स सदऱ्याखाली धरून मी जिना उतरलो. खाली अंधाऱ्या खोलीत पुन्हा पुन्हा बघितली. मूठभर भुकटी बघून मी रंग सांगतो, पण हा रंग कमी झाला की नाही, ते सांगता येईना. आधीचा बघितलेलाच नव्हता.

मामा परतले ते काळा चष्मा लावून. गप्प बसलो असतो तर त्यांना कळलं नसतं. पण मी बोललो. "मामा, तुमची एकशे पस्तीस मी उन्हात ठेवली. तासभर. वर थोडी."

ते ओरडतील, शिव्या देतील, म्हणून मी तयार होतो. मामा बाजेवर बसले आणि डब्यावर हात फिरवू लागले.

"सैपाकातून उठून आलती," ते म्हणाले. "मीच हाक मारली, लवकर ये म्हणून. हात पुसले तिनं, पण हळद ती. काच बसवली, कडं आवळलं आन् मंग मला दिसलं. लई बोललो तिला. ती म्हणली, पुन्हा उघडा, पुसून देते. मी म्हणलो, उघडू सवडीनं." काळा चष्मा सारखा करत म्हणाले, "ती सवड राहिली."

मग त्यांनी टॉर्च माझ्यापुढे केला. "मला अजून बारीक दिसत न्हाई. तू बघ. हाय का?"

मी नळाकडे जायला उठलो. मामांनी हात धरला. नेहमीसारखा उलगडला, सवयीनं उजेडाकडे केला आणि काळ्या चष्म्यातून माझ्या पिवळ्या बोटांकडे बघत राहिले.

"राहू दे," म्हणाले. "बघ तसाच."

मी टॉर्च लावला. ठसा होता. रेघा होत्या. पिवळेपणा होता, की होता असं मला वाटत होतं.

"हाय, मामा."

"रंग?"

उभ्या आयुष्यात मी दुसऱ्याच्या मालाला कधी चांगलं म्हटलेलं नाही.

"पक्का हाय," मी म्हणालो. "असा माल बाजारात येत न्हाई."

मामांनी मान हलवली. चाचपत झाकण लावलं, पुड्या नीट केल्या आणि डबा बाजेखाली सावलीत सरकवला. माझा हात मात्र त्यांनी अजून सोडला नव्हता.