अहिंसक पक्षी-आघात चाचणी

विमान हवेत टिकतं ते मुख्यतः विश्वासावर. इंजिनाचा थोडा हातभार असतो.

या हातभाराचा अभ्यास सांगलीजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कीर्ती मगदूम पाच वर्षं पीएचडीसाठी करत होती. इंजिनाच्या पंख्याचं पातं कार्बनच्या धाग्यांचे थर राळेत चिकटवून बनवतात. त्यावर पक्षी आदळला तर ते तुटतं की तगतं, हे ती संगणकावर तपासत असे. (संगणकातला पक्षी म्हणजे दोन्ही टोकांना गोल असलेला मऊ दंडगोल. त्याला चोच नसते, वारसही नसतात.)

संस्थेचे अध्यक्ष भरतेश अण्णा प्रयोगशाळा बघायला आले आणि नेमका तेव्हाच दंडगोल फुटला.

"कीर्ती, ह्यो काय गं?"

"पक्षी, अण्णा."

"मेला की गं!"

"हो, पण पातं वाचलं."

 अण्णांनी पाणीही न पिता समिती नेमली.

समितीत सात सदस्य होते. त्यांपैकी तिघांनी विमान पाहिलं होतं, एकाने तर जवळून. सहा बैठका झाल्या. चार बैठका संगणकातला जीव जैन शास्त्राप्रमाणे एकेंद्रिय की पंचेंद्रिय यावर, एक पक्ष्याऐवजी दुधी भोपळा चालेल का यावर. उरलेली पोह्यांमुळे लांबली. ठराव एकमताने झाला: चाचणी अवश्य करावी, मात्र पक्ष्याच्या पिसालाही धक्का लागू नये.

तोंडी परीक्षा अठरा दिवसांवर आली होती. घरी आई राजमती पेढे सांगून मोकळी झाली होती. कीर्तीने दोन दिवस दार लावून रडून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिने संगणकातला एकच पर्याय बंद केला: 'स्पर्श'.

आता पक्षी पात्यातून आरपार जाऊन पलीकडे सुखरूप निघू लागला. पात्यावर ओरखडाही नाही. तिने थर निम्मे केले, पातं टिकलं. पुठ्ठ्याचं केलं, तेही टिकलं. समितीने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

प्रयोगशाळेचा शिपाई धुळा, आटपाडीचा, तेवढा डोकं खाजवत राहिला.

"बाई, लय झ्याक. पर खऱ्या पाखरांस्नी ह्ये कुनी कळवलंय का?"

 समितीने प्रश्न विषयाबाहेरचा ठरवला.

पदवी मिळाली. एका इंजिन कंपनीला पद्धत फारच आवडली. चाचणीचा खर्च अठ्ठ्याण्णव टक्के घटला (उरलेले दोन टक्के उद्घाटनाचे). कंपनीने नव्या पात्यांचं विमान हवेत सोडलं आणि रुजू होण्यासाठी डॉ. कीर्तीला त्याच विमानाचं पुणे-दिल्ली तिकीट पाठवलं. डॉ. कीर्तीने मिरजेहून रेल्वे धरली.

"अगं, फुकटचं विमान सोडून दोन दिवस गाडीत?" आईने विचारलं.

"मला घाई नाही, आई."

विमानातली तिची खिडकीची जागा आयत्या वेळी दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. न मागता खिडकी मिळाली म्हणून खूश झालात, ते आपणच ना? पट्टा मात्र आपण अगदी घट्ट बांधला होता. एवढी खबरदारी घेणाऱ्यांचं कौतुकच केलं पाहिजे.