मोसमाबाहेरची शिंक

बसस्थानकावरच्या निवेदिकाबाईंना त्या वर्षी शिंका सुरू झाल्या, तेव्हा अधिकृतपणे थंडी चालू होती. खिडकीबाहेरच्या झाडाला मात्र तसं कुणी कळवलं नव्हतं. हिवाळ्यातच ऊन तापलं, तसं ते फुलून मोकळं झालं आणि त्याचा पराग थेट माइकवर उतरू लागला.

"गाडी लागत आहे फलाट क्रमांक..." एवढं म्हणून बाई शिंकल्या. प्रवाशांनी आपापल्या सोयीचा आकडा ऐकला. मुलीकडे निघालेले एक आजोबा भलत्याच गावी उतरले.

बाई कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यात गेल्या.

"परागाची ॲलर्जी हे मोसमी दुखणं आहे," डॉक्टर म्हणाले, "आणि मोसम वसंतात सुरू होतो. तोवर गोळ्यांचं कपाट उघडत नाही."

"पण झाड फुललंय हो, डॉक्टरसाहेब."

"ते झाडाने बघावं. आम्ही परिपत्रकाप्रमाणे चालतो," म्हणत डॉक्टर स्वतःच सणसणीत शिंकले. "ही साधी सर्दी आहे," त्यांनी खुलासा केला.

स्थानकप्रमुखांनी माणुसकी दाखवली. मोसम लागेपर्यंत शिंक आवरा, नाहीतर माइक सोडा, अशी समज त्यांनी फक्त तोंडी दिली. बाईंनी नाक दाबून पाहिलं. मग सगळ्याच गाड्या एकाच गावाला जाताहेत असं ऐकू येऊ लागलं.

"तू शिंक गं बिनधास्त," नवरा म्हणाला. "नोकरी गेली तर बघू." काय बघू, ते त्याने सांगितलं नाही.

बाईंनी वर दाद मागितली. समिती आली, झाडाखाली बसली आणि डोळे चोळत उठली. मोसम आता लवकर येतो, उशिरा जातो आणि उरलेल्या दिवसांत गवत फुलतं, हे तिने निःपक्षपातीपणे मान्य केलं. सबब, मोसम बाराही महिने धरावा.

बाई हरखून दवाखान्यात गेल्या.

"अभिनंदन," डॉक्टर म्हणाले. "पण बारा महिने चालतं, त्याला मोसमी कसं म्हणणार? आणि गोळ्या तर मोसमी दुखण्याच्या." त्यांनी कपाटच परत पाठवून दिलं.

बाईंच्या जागी यंत्राचा आवाज आला. बाईंना हरवल्या-सापडलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. तिथून निघताना एके दिवशी त्यांनी डोळे सुजलेल्या एका प्रवाशाला गाडीच्या दारात गाठलं.

"दादा, तुम्हालाही होतंय ना? माझ्याबरोबर तक्रार करता का?"

"छे हो, मला कुठे काय," तो रुमालाआडून म्हणाला. "हवा जरा बदललीय, एवढंच."

तो आत गेला, काच ओढून घेतली आणि निवांत बसला. ती गाडी रोज खच्चून भरते. काच लावून बसलेले तुम्हीआम्हीच असतो.